दोनशे रुपयांचा कर आणि न मिळणारे मजूर

"मजूर मिळत नाहीत." नारायणगावला टोमॅटोच्या शेतावर जा, निफाडला द्राक्षबागेत जा, नाहीतर प्रवरेकाठी उसाच्या फडावर जा, हे वाक्य ऐकल्याशिवाय परत येणं कठीण. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच : "येतील कशाला? सरकार सगळं फुकट देतंय ना!"

या वाक्याचं एक सख्खं भावंड शहरात राहतं. मार्च महिना आला, पगारातून करकपात वाढली की ते बाहेर पडतं. "एवढा कर कापणार असतील तर मर मर मरायचं कुणासाठी?"

दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माणूस काम करतो ते नाइलाजाने. वरून कर लावला की त्याचा उत्साह जातो आणि खालून आधार दिला की त्याची गरज जाते. दोन्हीकडून काम कमीच होतं. हे इतक्या सहजपणे बोललं जातं की ते तपासून बघावं असं सहसा कुणाला वाटत नाही. मी ते भंडारदऱ्याच्या बाजूने तपासून बघणार आहे. का भंडारदरा, ते सांगतो.

भंडारदरा म्हटलं की आपल्याला आठवतं ते धरण, रंधा धबधबा, कळसूबाईचं शिखर, मेअखेरीचे काजवे, आणि आता तलावाकाठचे तंबू. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. साठा सुमारे अकरा टीएमसी. हे पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला, ज्याचं नाव देशाच्या सहकाराच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. म्हणजे भंडारदऱ्याच्या पाण्याने खाली हजारो हातांना पुरेल एवढं काम तयार केलं.

आणि वर? वर घाटघर, रतनवाडी, साम्रद, उडदावणे ही गावं. बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पाऊस असा की छत्री हा विनोद वाटावा. पण जमीन उताराची, खाचरं लहान, आणि पीक एक. जूनमध्ये भाताची पेरणी, जुलैत आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. नाचणी, वरई, थोडा हिरडा. त्यानंतर जून उजाडेपर्यंत शेतात काम जवळजवळ नाही. मग माणसं खाली उतरतात. जुन्नरकडे, नारायणगावला, नाशिकच्या बागांमध्ये. नारायणगावला तर सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. तिथे भाव ठरतो आणि जीपमध्ये बसून माणसं शेतावर जातात.

गंमत बघा. भंडारदऱ्याचं पाणी ज्या उसाला जातं, तो ऊस तोडायला मुख्यतः बीड, पाथर्डी, शेवगावकडची माणसं येतात. आणि भंडारदऱ्याची माणसं दुसऱ्याच खोऱ्यात कांदे लावायला जातात. पाणी एका वाटेने उतरतं, माणसं दुसऱ्या वाटेने. कोण कुठे, किती आणि कशासाठी काम करतो हे इतकं सरळ नसतं, हे समजायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आता थोडं पुस्तकातलं. घाबरू नका, एकच परिच्छेद.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं की कराचे कामावर दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट ओढतात. कर लागला की जास्तीच्या एका तासाची कमाई कमी होते, म्हणून माणूस म्हणतो, जाऊ दे, घरी बसतो. हा एक. पण कर लागला की माणूस गरीबही होतो. घराचा हप्ता, पोरांची फी तेवढीच राहते. म्हणून तोच माणूस म्हणतो, दोन तास जास्त काम करतो. हा दुसरा. कुठला परिणाम जड ठरेल हे आधी सांगता येत नाही. ते माणसाच्या परिस्थितीवर ठरतं. मार्चमधली चर्चा मात्र पहिल्या परिणामावर सुरू होते आणि तिथेच संपते.

दुसरा परिणाम किती जड असू शकतो हे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत १८९४ साली सेसिल ऱ्होड्सने ग्लेन ग्रे नावाचा कायदा आणला. त्यात जो आफ्रिकी पुरुष आपल्या जिल्ह्याबाहेर मजुरीला जाणार नाही, त्याच्यावर दहा शिलिंगांचा कर होता. हेतू लपवलेला नव्हता. गोऱ्यांच्या शेतांना आणि खाणींना मजूर हवे होते, आणि आपल्या शेतात पोटापुरतं पिकवणारा माणूस खाणीत उतरायला तयार नव्हता. त्याला बाहेर काढायला कर वापरला. कर लावून काम कमी होतं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

आपल्याकडे इतकं उघडपणे झालं नाही, पण चव तीच होती. १८१८ नंतर किल्ल्यांवरची राखणदारी गेली, सारा रोखीत भरायचा आला, रोख पैसा सावकाराकडे, आणि सावकाराच्या वहीत अंगठा दिला की पुढची कित्येक वर्षं राबणं त्याच्याकडे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे या सावकारशाहीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आपण त्यांना क्रांतिकारक म्हणून हार घालतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या बंडाच्या मागे रोखीचा सारा, कर्ज आणि सक्तीचे कष्ट यांची एक साखळी होती, तीही लक्षात ठेवायला हवी.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. १९७३-७४ साली आपल्या देशात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर, अधिभार धरून, ९७.७५ टक्के होता. शंभर रुपये जास्त कमावले तर सव्वादोन रुपये हातात. सिद्धान्ताप्रमाणे देशातल्या सगळ्या श्रीमंतांनी त्या वर्षी आरामखुर्ची गाठायला हवी होती. तसं काही झालं नाही. लोकांनी काम थांबवलं नाही, हिशेब लपवले. त्याआधीच, १९७१ साली, वांछू समितीने सांगितलं होतं की असे दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतात, दर ७५ टक्क्यांवर आणा. पुढे दर उतरले ते चांगलंच झालं. मुद्दा एवढाच, की वेड्यासारखा कर लावल्यावर माणसं आधी पळवाट शोधतात. हातातलं काम सोडणं हा फार पुढचा उपाय.

त्याच १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९७२ चा दुष्काळ. राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. आपल्या आजी-आजोबांपैकी कुणी ना कुणी त्यात असेल, किंवा त्यांनी ते पाहिलं तरी असेल. कामाचा मोबदला तुटपुंजा, ऊन रणरणतं, तरी पन्नास लाख. माणूस आळशी आहे म्हणणाऱ्यांना हा आकडा एकदा मोठ्याने वाचायला सांगावा.

या दुष्काळानंतर जे घडलं ते मला आपल्या राज्याच्या इतिहासातल्या सर्वांत अभिमानाच्या गोष्टींपैकी एक वाटतं. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळाने या कल्पनेची गरज सगळ्यांना पटवली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम हा हक्क म्हणून देणारा कायदा.

पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला दोनशे रुपयांची जी ओळ असते, ती हीच. (फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला २,५०० होतात.) त्याच्या जोडीला बागायती जमिनीवरचा उपकर, वाहन कर आणि विक्रीकरावरचा अधिभार, आणि जमा झालेल्या रकमेइतकीच भर सरकारच्या तिजोरीतून. थोडक्यात, शहरातल्या कारकुनाने आणि पाटाच्या पाण्यावरच्या बागायतदाराने कोरडवाहू आणि डोंगरी भागातल्या मजुराच्या कामाची हमी घेतली. भंडारदऱ्याचं पाणी वापरणाऱ्याकडून थोडं घेऊन भंडारदऱ्याच्या वरच्या माणसाला काम. कागदावर तरी हिशेब किती नीट जुळत होता!

(कागदावर म्हटलं, कारण जमा झालेला सगळा पैसा दरवर्षी हमीवर खर्च झाला नाही, अशी टीका पुढे बरीच झाली आणि ती रास्त होती.)

या कराची आणखी एक गंमत आहे. तो ठोक आहे. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला दोनशे रुपये. मग पगार अकरा हजार असो की अकरा लाख. ओव्हरटाइम केला, बढती घेतली, तरी कर वाढत नाही. म्हणजे जास्तीच्या तासावर या कराचा भार शून्य. शिपाई आणि कंपनीचा संचालक यांनी सारखेच अडीच हजार भरावेत हा अन्याय आहे, यात शंका नाही. पण या कराने महाराष्ट्रातल्या नोकरदाराने एक तास तरी काम कमी केलं असेल असं मला वाटत नाही. फक्त उंबरठ्यावर तो किंचित चावतो. २०२३ च्या एप्रिलपासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. म्हणजे पंचवीस हजार एक रुपया झाला की दोनशे गेले. पण दोनशे रुपयांसाठी कुणी पगारवाढ नाकारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग या पैशातून मजुराला काय मिळालं? मजुरी मिळाली, ते उघड आहे. पण खरी मिळालेली गोष्ट वेगळी होती. त्याला "नाही" म्हणता आलं. गावाजवळ सरकारी कामाचा एक भाव असला, की बागायतदाराला त्याहून कमी भाव बोलता येत नाही. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही तो कुठल्याही भावाला तयार होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय कष्टाळू माणूस. पर्याय मिळाला की तोच माणूस भाव विचारतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माजला.

म्हणून "मजूर मिळत नाहीत" हे वाक्य मला अपुरं वाटतं. पुरं वाक्य असं : "मी देतो त्या भावाला, मी सांगतो त्या अटींवर, माझ्या हंगामात मजूर मिळत नाहीत." घाऊक बाजारात कांद्याचा भाव चढला तर आपण "कांदे आळशी झाले" असं म्हणत नाही.

भाव हीच एक गोष्ट असती तरी सोपं होतं. पण कामाला यायचं की नाही हे ठरवताना बाईमाणसाच्या डोक्यात भावाशिवाय दहा गोष्टी असतात. रोजगार हमीच्या नियमांमध्ये त्या गोष्टी कुणीतरी ओळखल्या होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं. केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही त्या आल्या. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत, लांब असेल तर दहा टक्के जास्त मजुरी. बाई आणि पुरुष यांना एकच दर. लहान मुलं असतील तर कामावर त्यांना सांभाळायला माणूस. पंधरा दिवसांत पैसे. यातली प्रत्येक अट पाळली गेली नाही की ती मजुरावर एक करच असते. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून सासू घरी बसली, तर तिची मजुरी गेली. पैसे दोन महिने आले नाहीत, तर मधल्या काळातलं उसनं आणि त्याचं व्याज गेलं. पैसे जमा झाले का ते बघायला राजूरच्या दोन खेपा झाल्या, तर दोन दिवसांची मजुरी गेली. प्राप्तिकराच्या कुठल्याही तक्त्यात हे दर छापलेले नसतात. पण नीट हिशेब मांडला तर गरिबाच्या कामावरचा हा कर पुष्कळ श्रीमंतांच्या प्राप्तिकरापेक्षा जास्त भरेल.

आणि ऊसतोडीत तर याचा कळस आहे. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग हंगामभर ती उचल फेडायची. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. म्हणजे विश्रांतीवर शंभर टक्क्यांहून जास्त कर. हा कर किती जबरदस्त असतो ते २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या बातम्यांनी सगळ्या देशाला दाखवलं. पाळीच्या दिवसांतला खाडा आणि आजारपण परवडत नाही, म्हणून तरुण बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याच्या त्या बातम्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जी व्यवस्था माणसाकडून एवढं काम काढते, तिच्याबद्दल "मजूर भरपूर मिळतात" असं म्हणून समाधान मानायचं का?

परदेशातले नातेवाईक हे वाचतील, म्हणून त्यांच्याकडचंही एक उदाहरण. अमेरिकेचे लोक युरोपातल्या लोकांपेक्षा जास्त तास काम करतात. एडवर्ड प्रेस्कॉट यांनी २००४ साली मांडलं की याचं मुख्य कारण कर, युरोपातले कर जास्त आहेत म्हणून तिथे काम कमी. पण मग स्वीडनचं काय करायचं? कर भरमसाट, तरी कामावर जाणाऱ्या बायकांचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या देशांमध्ये. तिथे १९७१ साली नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजायला सुरुवात झाली आणि मुलं सांभाळायला सरकारी पाळणाघरं वाढली. अमेरिकेत नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर मोजायची पद्धत रूढ आहे, म्हणजे बायकोच्या पगाराचा पहिला डॉलरसुद्धा नवऱ्याच्या वरच्या दरात जातो. आणि आपल्या कितीतरी इंजिनिअर मुली तिथे नवऱ्याच्या व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसल्या, त्याचं कारण कर नव्हतंच. एच-फोर व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. २०१५ साली त्यातल्या काहींना ती मिळाली, आणि मुली लगेच कामाला लागल्या. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. मग घाटघरच्या बाईला का म्हणायचं? तिच्याही कामाच्या आड कायदा, अंतर आणि मूलच आलेलं असतं.

आता "फुकट"कडे वळतो, नाहीतर म्हणाल, सोयीचं तेवढं बोलला. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. शिधापत्रिकेवर जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट आहे. या दोन्हींमुळे बायका शेतावर यायच्या बंद झाल्या, असं बागायती गावांमध्ये सर्रास बोललं जातं. साधा हिशेब करू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे १,५०० रुपये हे पाच दिवसांच्याही मजुरीइतके नाहीत. महिन्याच्या उरलेल्या पंचवीस दिवसांचं काय? अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या. मदत मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केलं असं त्यांना दिसलं नाही.

एखादी बाई पंधराशे रुपये आल्यावर महिन्यातले दोन दिवस अंगदुखी असताना कामावर गेली नाही, असं होतही असेल. होऊ दे की. तिच्या जागी आपण असतो तर वैद्यकीय रजा टाकली असती, आणि तिला कुणी "कामगार मिळत नाहीत" म्हटलं नसतं. या योजना निवडणुकीच्या तोंडावर येतात, राज्याच्या तिजोरीला त्या झेपतात का, हे प्रश्न वेगळे आहेत आणि ते जरूर विचारावेत. पण मजूर आळशी झाल्याचा आरोप त्यांच्या खात्यावर टाकू नये.

उलट, काम दारात आलं की काय होतं ते बघायला शेंडीला जा. काजव्यांच्या दिवसांत शनिवारी रात्री दोन वाजता तीच पोरं टॉर्च घेऊन पाहुण्यांना वाट दाखवत असतात, पहाटे त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करणाऱ्या त्यांच्या आया उठलेल्या असतात. ही तीच माणसं, ज्यांच्याबद्दल खाली "हल्ली कुणाला काम नको" असं बोललं जातं. त्यांना काम हवं असतं. गाव, म्हातारी आई आणि शाळेतलं पोर सोडून जायला लागणार नाही असं काम मिळालं तर त्यांना ते आधी हवं असतं. यात समजायला अवघड काय आहे?

बागायतदारांची बाजूही सांगायला हवी. आमच्या नात्यात ते आहेत आणि ते हे वाचणार आहेत. टोमॅटोचा क्रेट कधी सोन्याच्या भावाने जातो, कधी रस्त्यावर ओतावा लागतो. खत, औषधं, डिझेल यांचा भाव दुकानदार ठरवतो, मालाचा भाव व्यापारी ठरवतो. शेतकऱ्याच्या हातात राहतो एकच भाव, मजुरीचा. म्हणून सगळा ताण तिथे येतो. हे खरं आहे आणि हे दुःख मोठं आहे. मजुरीचा दर कुठवर नेता येतो यालाही मर्यादा आहे. १९८८ साली महाराष्ट्रात शेतमजुरीचा किमान दर जवळजवळ दुप्पट झाला, त्याबरोबर रोजगार हमीचाही वाढला. पण तेवढा पैसा मागे उभा राहिला नाही, कामं मागणीइतकी निघाली नाहीत, आणि मागेल त्याला काम ही हमी पातळ झाली. दर कागदावर वाढवून भागत नाही, हा त्यातला धडा. तो मला मान्य आहे. पण शेतकऱ्याला भाव मिळत नाही याचा उपाय मजुराचा पर्याय काढून घेणं हा असू शकत नाही. एका बुडणाऱ्याने दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहायचं, असा तो उपाय आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे डिसेंबर २०२५. त्या महिन्यात संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाला शंभरऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, ते चांगलं आहे. पण दोन कलमं भंडारदऱ्याकडून बघितली की काळजी वाटते.

पहिलं, खर्चाचं. अकुशल मजुरीचा खर्च आधी केंद्र उचलत होतं. आता आपल्यासारख्या राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा द्यायचा आहे. म्हणजे १९७५ चा प्रश्न परत आला, पैसा कुठून? व्यवसाय कराची घटनेतली कमाल मर्यादा १९८८ साली वर्षाला अडीचशेवरून अडीच हजार झाली, त्यानंतर ती हललेली नाही. तेव्हाचे अडीच हजार काय होते आणि आज काय आहेत, हे सांगायला नको. ही मर्यादा वाढावी, आणि ज्याचा पगार जास्त त्याने जास्त भरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने कुणी काम सोडणार नाही. पन्नास वर्षं आपण हा कर भरतोय, कुणी सोडलंय का?

दुसरं कलम जास्त गंभीर. पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षातले एकूण साठ दिवस ही कामं बंद ठेवायची, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. "मजूर मिळत नाहीत" ही तक्रार आता थेट कायद्यात जाऊन बसली आहे. प्रश्न असा, की हंगाम कुणाचा धरायचा? जुलैत भंडारदऱ्याची माणसं स्वतःच्याच खाचरात आवणीला वाकलेली असतात. त्या महिन्यात कामं बंद ठेवली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण खाली कांद्याची काढणी आणि द्राक्षांचा खुडा चालतो तो मार्च-एप्रिलच्या सुमाराला, आणि वर तेच महिने घरात दाणा संपत आल्याचे. खालच्या पिकाचं कॅलेंडर वरच्या गावाला लावलं, तर हमी नेमकी ज्या दिवसांसाठी होती त्याच दिवसांत बंद पडेल. मग नारायणगावच्या बाजारात सकाळी माणसं जास्त उभी राहतील आणि भाव उतरेल. मजुरांचा पुरवठा वाढवण्याची ही पद्धत ग्लेन ग्रेच्या फार लांब नाही. तिथे कर लावून माणसं खाली उतरवली, इथे काम काढून घेऊन उतरवायची.

सुदैवाने वेगवेगळ्या भागांसाठी हे दिवस वेगवेगळे ठरवायची मुभा राज्याला कायद्यातच आहे. अकोल्याचा हा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, इथे १९९६ चा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला मान आहे. तेव्हा माझी मागणी साधी आहे. घाटघरचे, रतनवाडीचे, साम्रदचे बंदीचे दिवस मुंबईतून किंवा नगरहून (आता अहिल्यानगर) ठरू नयेत. त्या त्या ग्रामसभेला विचारून ठरवावेत. आवणीचे दिवस कुठले आणि उपासाचे कुठले, हे त्यांना पंचांग न बघता सांगता येतं.

तुमच्यापैकी जे बागायतदार आहेत त्यांना हे पटणार नाही, आणि त्यांनी तसं बिनदिक्कत कळवावं. जे नोकरदार आहेत त्यांनी पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराची ओळ शोधावी. आणि जे या उन्हाळ्यात काजवे बघायला जाणार आहेत त्यांनी रात्री वाट दाखवणाऱ्या पोराला एवढंच विचारावं, की दिवाळीनंतर तू कुठे असतोस? उत्तर ऐकून मग ठरवा, मजूर मिळत नाहीत की काम.